चर्चची वेबसाईट कशावर बनवायची, आणि तिची चावी कोणाकडे ठेवायची?

प्रश्न : सलाम. मी भुसावळच्या एका चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. आमची मंडळी म्हणजे दीडशेक कुटुंबं, त्यातली निम्मी रेल्वेतली. चार वर्षांपूर्वी तरुण संघातल्या एका मुलाने हौसेने वर्डप्रेसवर (साईट बनवायचं एक फुकट सॉफ्टवेअर) चर्चची साईट करून दिली, नंतर तो नोकरीला पुण्याला गेला. परवा नाताळाच्या आधी एका बाईंनी उपासनेची वेळ बघायला गुगलवर चर्चचं नाव टाकलं तर आमच्या नावाखाली जपानी अक्षरं आणि बुटांच्या जाहिराती, त्यांच्या मुलाने मोबाईलवर लिंक दाबली तर थेट जुगाराचं पान उघडलं. मजा म्हणजे मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघतो तर साईट एकदम व्यवस्थित! डोमेन (साईटचं नाव-पत्ता) पण त्या मुलाच्याच ईमेलवर आहे. आता कमिटीत तीन मतं पडलीयत. एक म्हणतो वर्डप्रेसच साफ करून घेऊ, दुसरा म्हणतो विक्स कंपनीची तयार, भाड्याची साईट घेऊ, आणि खजिनदार म्हणतात इथल्याच एका सॉफ्टवेअरवाल्याला पंचवीस हजार देऊन "स्वतःचं" बनवून घेऊ, त्यात बाहेरचा कोणी घुसूच शकत नाही. आम्हाला उपासनेच्या वेळा, कार्यक्रम, फोटो, प्रार्थना-विनंतीचा फॉर्म, सभासदांची यादी आणि दानाचा क्यूआर एवढं हवंय. सगळ्यात सुरक्षित काय?

उत्तर : सलाम दादा. आधी ते जपानी अक्षरांचं सांगतो, कारण कमिटीतल्या कोणीतरी तुम्हाला "तुझ्याच मोबाईलमध्ये व्हायरस असेल" म्हटलं असणार. व्हायरस मोबाईलमध्ये नाही. हा जगभर चाललेला प्रकार आहे, साईटमध्ये घुसलेला माणूस तुमच्या नावाखाली हजारो खोटी पानं टाकतो आणि ती फक्त गुगलला किंवा गुगलवरून मोबाईलने आलेल्या माणसालाच दाखवतो. तुम्ही पत्ता टाईप करून उघडलं की तुमचं जुनं पान जसंच्या तसं. मालकाला कळू नये म्हणूनच ते तसं केलेलं असतं, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. त्यांना तुमच्या चर्चशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त एक जुनं, गुगलच्या ओळखीचं नाव फुकटात वापरायचंय. "आपल्याला कोण हॅक करणार, आपल्याकडे आहे काय" हे वाक्य कमिटीत निघालं असेल तर ते तिथंच पुसून टाका. कुलूप चालवून बघणारा माणूस नसतो हो, प्रोग्रॅम असतो, तो रस्त्यावरचं प्रत्येक दार ढकलत जातो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "सगळ्यात सुरक्षित कोणतं" याच्या आधी मी तुम्हाला एक विचारतो, दोन वर्षांनी दर आठवड्याला या साईटकडे कोण बघणार? नाव सांगा. भुसावळात हे मी मुद्दाम विचारतोय, तुमची निम्मी मंडळी रेल्वेतली म्हणजे आज जो माणूस हुशार आहे त्याची उद्या बदली, आणि पोरं तर बारावी झाली की पुणे-नाशिक धरतातच. नाव सुचत नसेल तर स्वतःच्या होस्टिंगवरचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर आपणच सांभाळायचं वर्डप्रेस तुमच्यासाठी नाही, तो विषय तिथंच संपला.

वर्डप्रेस वाईट आहे असं नाही, गैरसमज नको. २००३ पासून आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट त्याच्यावर चालतात, आणि त्याचा मूळ गाभा चांगलाच मजबूत आहे, छोटे सिक्युरिटी अपडेट तर २०१३ पासून तो आपणहून घेतो. भोकं पडतात ती वरून लावलेल्या प्लगइनमधून, म्हणजे जादा सोयींसाठी जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून. फोटोचा स्लायडर वेगळा, फॉर्म वेगळा, काउंटर वेगळा, प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाने बनवलेली, आणि त्यातल्या एकाने जरी काम सोडून दिलं की तुमच्या घराची एक खिडकी कायमची उघडी. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर गंमतच झाली, रिअली सिंपल सिक्युरिटी नावाचं, नावातच सिक्युरिटी असलेलं प्लगइन, ४० लाखांवर साईटवर बसवलेलं, त्याच्या डबल लॉगिनच्या (पासवर्डनंतर अजून एक खात्री मागणाऱ्या) सोयीतच अशी चूक निघाली की ती सोय चालू असेल तर पासवर्ड नसलेला माणूस अ‍ॅडमिन म्हणून आत येऊ शकत होता. चूक कळल्यावर लगेच दुरुस्ती आली, ज्यांची साईट अपडेट घेत होती ते वाचले. म्हणजे बघा, प्रश्न चूक होण्याचा नाहीच, चुका सगळ्यांकडून होतात, दुरुस्ती आली त्या आठवड्यात तुमच्याकडे कोणी जागं होतं का हा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस म्हणजे स्वतःचा केळीचा मळा. हवं ते लावा, हवं तसं लावा, पण रात्री दोनला लाईट आली की मोटर चालू करायला उठायचं तुम्हीच. गुगल साईट्स, विक्स, किंवा वर्डप्रेस डॉट कॉम (हे वर्डप्रेसवालंच पण त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या देखभालीत, नावाने फसू नका, तुमच्या मुलाने केलेलं ते हे नव्हे) म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, भिंत पाडता येत नाही पण पाणी-वॉचमन त्यांचा.

खजिनदार साहेबांना मात्र माझा हात जोडून नकार कळवा. "स्वतःचं बनवलं की कोणी घुसत नाही" हे उलटं आहे. वर्डप्रेसमधली चूक शोधायला जगभरची माणसं बसलेली असतात, चूक सापडली की बोंब होते, दुरुस्ती येते. पंचवीस हजारात बनवलेल्या साईटमधली चूक कोणी शोधत नाही, फक्त तो दार ढकलणारा प्रोग्रॅम शोधतो. आणि बहुतेक वेळा ते "स्वतःचं" पण नसतं, कॉलेजच्या प्रोजेक्टचा किंवा आधीच्या एखाद्या शाळेच्या साईटचा कोड असतो, नाव बदलून दिलेला. मी माझ्या दुकानात अशा साईट उघडून बघितल्यात, एकीत तर आधीच्या गिऱ्हाईकाचा फोन नंबर तसाच होता भो. वर बिलात "एसएसएल, वर्षाला तीन हजार" असं लिहिलेलं. ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था कित्येक वर्षांपासून फुकट देते, आणि वर सांगितलेल्या तिन्ही ठिकाणी ते आपोआप लागतं, वेगळे पैसे नाहीत. अजून एक, त्या सर्टिफिकेटमुळे पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणजे साईट खात्रीची असं समजू नका, मधल्या रस्त्यात कोणी वाचत नाही एवढाच त्याचा अर्थ, समोरचा चोर असला तरी त्याला पण ते कुलूप मिळतं. लोक फसायला लागले म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

तर माझा सल्ला, तुमच्या यादीकडे बघून, गुगल साईट्स. दिसायला साधी आहे, तरुण संघ नाक मुरडेल, मुरडू द्या. फुकट आहे, तिच्यात प्लगइन नावाची चीजच नाही म्हणून अपडेट विसरायची सोय पण नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं, मराठी नीट दिसतं, आणि कोणी चुकून पान उडवलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते. विक्स घेतलं तरी सुरक्षेच्या हिशोबाने मला चालेल, पण त्याला दरवर्षी काही हजार लागतात, आणि ज्या वर्षी कमिटी बदलते त्या वर्षी ते भरायचं राहतं, हा माझा अनुभव आहे. शिवाय तिथून साईट उचलून दुसरीकडे न्यायची म्हटलं तर सगळं हाताने परत करावं लागतं.

जुनी साईट साफ करत बसू नका. घुसलेला माणूस मागची दोन-तीन दारं करून ठेवतो, तुम्ही एक बुजवलं तरी दुसऱ्यातून येतो. मजकूर आणि फोटो उतरवून घ्या, बाकी पाडा, नवीन बांधा, मग गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साईटच्या मालकाला आपली साईट गुगलवर कशी दिसते ते बघायची जागा) चर्चच्या खात्याने जाऊन ती खोटी पानं काढायला सांगा. तिथं अजून एक बघा, साईटचे "मालक" म्हणून कोणी अनोळखी ईमेल बसलाय का, हे लोक तिथं पण स्वतःचं नाव घालून ठेवतात. ती पानं जायला काही आठवडे लागतात, घाबरू नका.

आणि आता चावीचं, जे माझ्या मते प्लॅटफॉर्मपेक्षा मोठं आहे.

पुण्याच्या त्या मुलाला आजच फोन करा. रागाने नाही हो, त्याने फुकटात केलं होतं, चहा पाजा म्हणतो मी. डोमेन त्याच्या खात्यातून चर्चच्या नावावर आणि चर्चच्या ईमेलवर करून घ्या. हे नाही केलं आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या जीमेलमध्ये जाऊन पडला तर डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नावाचं असं होतं, मुदत संपली की थोडे दिवस नेहमीच्या पैशात परत मिळतं, मग ३० दिवस जबर दंड भरून मिळतं, मग ५ दिवसांनी ते बाजारात मोकळं. चर्चची जुनी नावं उचलायला लोक टपलेलेच असतात, त्यावर मग काय दिसतं ते तुम्ही बघितलंच आहे. माझ्या स्वतःच्या दुकानाचं नाव मी असंच घालवलंय, लोकांना सल्ला देणारा मी! पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षीचा दर विचारा आणि जमलं तर पाच वर्षांचं एकदम भरून टाका.

चर्चसाठी एक वेगळं गुगल खातं काढा, पाळकसाहेबांचं घरचं नाही, तुमचं पण नाही. डबल लॉगिन चालू करा, दोन माणसांचे फोन जोडा, म्हणजे एकाची बदली झाली तर दुसरा आहे. फोन हाताशी नसेल तेव्हा आत जायला गुगल १० बॅकअप कोड देतं, ते कागदावर छापून बाप्तिस्म्याचं रजिस्टर ज्या कपाटात कुलपात असतं तिथं ठेवा. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, तरुण संघाच्या पोरांना स्वतःच्या खात्यावरून एडिटिंगचा हक्क द्या, पोरगं गेलं की हक्क काढा. आणि ते खातं महिन्यातून एकदा तरी उघडा, कारण २०२३ च्या डिसेंबरपासून गुगलने दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायचा नियम केलाय. फुकटचं असं असतं. कमिटी बदलते तेव्हा चार्ज देताना बँकेच्या सह्या बदलतात ना, त्याच कागदावर ही एक ओळ वाढवा.

आता तुमच्या यादीतल्या दोन गोष्टींना मी काट मारणार आहे, कोणताही प्लॅटफॉर्म घ्या.

सभासदांची यादी साईटवर नको. "मेनूत लिंक देणार नाही, फक्त पीडीएफ ठेवू" असं कोणीतरी म्हणेल, पण फाईल उघड्या जागी असली की गुगलला ती आज ना उद्या सापडते, आणि दीडशे घरांची नावं, फोन, पत्ते, कोण एकटं राहतं, कोण रिटायर झालंय हे सगळं फसवणूक करणाऱ्याच्या हातात आयतं. पुढच्या आठवड्यात त्या आजोबांना "पाळकसाहेब बोलतोय, दवाखान्यात आहे, अर्जंट पैसे पाठवा" असा फोन. यादी छापा आणि घरोघर द्या, पूर्वी देत होते तशी.

दुसरं प्रार्थना-विनंतीचा फॉर्म. हा विषय मला सगळ्यात जास्त खुपतो. लोक त्या फॉर्मात काय लिहितात ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. नवऱ्याचं दारूचं, मुलीच्या मोडलेल्या लग्नाचं, कॅन्सरचा रिपोर्ट आलाय पण घरी सांगितला नाही, असं. जे पाळकसाहेबांच्या कानात सांगायचं ते माणूस त्या चौकटीत लिहितो, कारण वर चर्चचं नाव असतं. गुगल फॉर्म केलात तर त्यात उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवायचा एक पर्याय असतो, तो चुकून चालू राहिला की पुढच्या प्रत्येक माणसाला आधीच्यांचं सगळं वाचता येतं. उत्तरांची शीट पण "लिंक असेल तो बघू शकेल" अशी ठेवली जाते, सोय म्हणून, आणि ती लिंक ग्रुपवर फिरते. म्हणून फॉर्म ठेवायचाच तर त्यात फक्त नाव, फोन आणि "पाळकांनी फोन करावा" एवढंच ठेवा. विनंती काय आहे ते फोनवर. शीट पाळकसाहेब आणि अजून एक बाई, महिला मंडळातल्या कोणी विश्वासाच्या, यांच्याशिवाय कोणाला नाही, आणि फोन झाला की ती ओळ पुसायची.

फोटोंचं थोडक्यात, शब्बाथ शाळेतल्या लेकरांचे जवळून काढलेले फोटो नावासकट टाकू नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्याची माहिती वापरायला आईबापाची संमती घ्यायची तरतूद आहे, आणि कायदा राहू द्या, विचारणं बरं दिसतं. मंडळीत नवीन येणाऱ्या माणसाचा फोटो तर त्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही, तो घरी सांगून आलेला असेलच असं नाही.

प्रश्न : आमचं चर्च नवापूर भागात आहे, मी खजिनदार. साईटवर दानार्पणासाठी क्यूआर टाकला तर चालेल का? आणि आमच्यातला एक जण अमेरिकेत स्थायिक झालाय, तो म्हणतो साईटवर कार्डाने पैसे द्यायचं बटण लावा, तिकडून दशांश पाठवतो.

उत्तर : क्यूआर चालेल, पण चर्चच्या ट्रस्टच्या बँक खात्याचा. खजिनदाराच्या स्वतःच्या फोनपेचा नाही, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही ताई किंवा दादा जे असाल ते, उद्या हिशोबाला उभं राहताना तुम्हालाच जड जाईल. चित्राच्या खाली ठळक लिहा की स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसलं पाहिजे, दुसरं दिसलं तर थांबा आणि फोन करा. कारण साईटवरचं चित्र बदलणं घुसलेल्या माणसाला दोन मिनिटांचं काम, आणि दारावरच्या छापील क्यूआरवर स्टिकर चिकटवणं तर त्याहून सोपं, दर रविवारी उपासनेच्या आधी एकदा स्वतः स्कॅन करून बघत जा. कोणाचे पैसे गेलेच तर रडत न बसता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, जेवढा लवकर तेवढी रक्कम अडकवता यायची शक्यता जास्त.

अमेरिकेचं बटण मात्र लावू नका, निदान तुमच्या सीएला विचारल्याशिवाय. तो भाऊ अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ते विदेशी दान धरत नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी, तर ते विदेशी दान झालं, आणि त्याला २०१० च्या एफसीआरए या विदेशी दानाच्या कायद्याची नोंदणी किंवा आधी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, नवापूरच्या खात्यात थेट नाही. बटण कोणाचं नागरिकत्व विचारत नाही ना. एकदा चुकीचे पाचशे रुपये आले की उत्तर देत बसायचं तुम्हाला. "बठ्ठं ऑनलाईन शे" (सगळं ऑनलाईन आहे) म्हणणाऱ्यांना हे सांगा.

प्रश्न : मी धुळ्याची, बीएस्सीला आहे. आमच्या चर्चची वर्डप्रेस साईट आता माझ्याकडे दिलीय, अजून हॅक वगैरे झालेली नाही. आत २३ प्लगइन आहेत, त्यातले ९ बंद आहेत. थीम (साईटच्या रूपाचा साचा) कोणीतरी "फ्री प्रो व्हर्जन" म्हणून टेलिग्रामवरून घेतलीय. कमिटी म्हणते आहे तेच चालू ठेव. काय करू?

उत्तर : ताई, तुझ्यासारखी माणसं भुसावळच्या दादांना मिळाली असती तर मी त्यांना वेगळं उत्तर दिलं असतं.

आधी पूर्ण बॅकअप, साईटच्या बाहेर, तुझ्या पेनड्राईव्हवर आणि चर्चच्या ड्राईव्हवर. मग ती टेलिग्रामची थीम. ती आजच काढ, बाकी काही नंतर केलंस तरी चालेल. दोन-चार हजारांची थीम फुकट वाटणारा समाजसेवा करत नसतो, त्यात बहुतेक वेळा मागचं दार ठेवलेलं असतं, "अजून हॅक झालेली नाही" हे पण तू गुगलवर साईटचं नाव टाकून मोबाईलवरून एकदा तपास, वरचा प्रश्न वाच म्हणजे कळेल का ते. वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीतली साधी थीम लाव.

ते ९ बंद प्लगइन डिलीट कर. बंद करणं म्हणजे काढणं नव्हे, फाईल सर्व्हरवर पडलेलीच असते आणि काही भोकं प्लगइन बंद असतानाही चालतात. उरलेल्या १४ मधलं प्रत्येक उघडून बघ शेवटचं अपडेट कधीचं आहे, दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते पण जाऊ दे. माझा अंदाज, पाच-सहावर काम भागेल. त्यांचं ऑटो अपडेट चालू कर. युजरच्या यादीत जा, "अ‍ॅडमिन" नावाचं खातं असेल तर दुसरं काढून ते उडव, आणि ज्यांना फक्त कार्यक्रम टाकायचे त्यांना एडिटर कर, अ‍ॅडमिन दोनच. होस्टिंगवाल्याला पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) कोणती आवृत्ती चालू आहे ते विचार आणि जुनी असेल तर बदलून घे.

कमिटीला लेखी दे की परीक्षेच्या महिन्यात आणि तू शिकायला बाहेर गेलीस तर कोण. त्यांनी नाव नाही दिलं तर सुट्टीत बसून गुगल साईट्सवर हलवून टाक, दोन दिवसांचं काम आहे. हलवताना एक बघ, जुन्या चर्चच्या इतिहासाची पानं बरेचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असतात, ती कन्व्हर्टरमधून काढावी लागतात आणि त्यात जोडाक्षरं तुटतात, "ख्रिस्त"चा "ख्र" तर हमखास, तेवढी पानं घरातल्या कोणा मोठ्या माणसाला शेजारी बसवून ओळ न्‌ ओळ वाचून घे.